गुण आला, तो कशाने?

घरात कोणी आजारी पडले की त्याच्याभोवती सल्ल्यांची गर्दी होते. कोणी काढा सुचवतो, कोणी शक्तिवर्धक औषधाचे नाव सांगतो, तर कोणी शेजारच्या गावातील एखाद्या वैद्याचा पत्ता देतो. बहुतेक सल्ल्यांमागे एकच पुरावा असतो : ‘आमच्या घरी याने गुण आला.’ सांगणारा खोटे बोलत नसतो. त्याने जे पाहिले, तेच तो सांगतो. तरीही एक प्रश्न शिल्लक राहतोच. गुण आला हे खरे. पण तो त्या औषधानेच आला, हे कशावरून?

हा प्रश्न केवळ विद्वानांच्या चर्चेचा नाही. मिळकतीतील मोठा वाटा औषधांवर खर्च करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचा तो प्रश्न आहे. निरुपयोगी औषधावर पैसा जातो आणि त्याहून मोलाचा वेळही जातो. योग्य उपचार मिळण्यास उशीर झाला, तर कधी कधी रुग्ण हाती लागत नाही. म्हणून या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची एक निश्चित रीत वैद्यकशास्त्राने घडवली आहे. उत्तर प्रदेशाची राजधानी लखनौ येथील संशोधकांनी हाती घेतलेल्या एका मोठ्या अभ्यासाच्या आधारे ही रीत समजून घेता येते.

गुण येण्याची अनेक कारणे

आजार बरा होण्यामागे औषधाखेरीज इतरही कारणे असतात. त्यांपैकी पहिले कारण म्हणजे शरीराची स्वतःची शक्ती. साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि बहुतेक निरोगी माणसांत ती काही दिवसांत आपोआप ओसरते. या काळात घेतलेल्या कोणत्याही गोळीला बरे होण्याचे श्रेय मिळते. प्रतिजैविके विषाणूंवर चालत नाहीत. तरी सर्दीसाठी ती घेणारे अनेक असतात, कारण ती घेतल्यानंतर सर्दी गेलेली त्यांनी पाहिलेली असते.

दुसरे कारण म्हणजे आजाराचा चढउतार. सांधेदुखी, पाठदुखी, दमा, अर्धशिशी असे विकार कधी वाढतात, तर कधी कमी होतात. त्रास अगदी असह्य झाला, की माणूस नवा उपाय शोधतो. त्यानंतर त्रास थोडा उतरणारच असतो. तो उतरला, की नव्या उपायाचे नाव होते.

तिसरे कारण मनाशी निगडित आहे. उपचार मिळाला, कोणीतरी आपुलकीने विचारपूस केली, या जाणिवेनेही वेदना कमी वाटतात व झोप नीट लागते. चौथे कारण असे, की आजारपणात माणूस एकाच वेळी अनेक गोष्टी बदलतो. तो विश्रांती घेतो, हलका आहार घेतो, व्यसन काही दिवस बाजूला ठेवतो. यांतील कशाचा किती उपयोग झाला, हे एका माणसाच्या अनुभवावरून वेगळे काढता येत नाही.

यात आणखी एक भर पडते. ज्यांना गुण आला, ते आपली हकीकत चारचौघांत सांगतात. ज्यांना गुण आला नाही, ते गप्प राहतात किंवा सांगण्यासाठी उरतच नाहीत. त्यामुळे कानांवर येणाऱ्या हकीकती नेहमी एकाच बाजूच्या असतात.

तुलनेची रीत

या सर्व कारणांमधून औषधाचा खरा परिणाम वेगळा काढायचा, तर तुलना करावी लागते. १७४७ साली जेम्स लिंड या ब्रिटिश आरमारी वैद्याने अशी तुलना केली. लांब सागरी प्रवासात खलाशांना स्कर्व्ही हा रोग होई. हिरड्या सुजत, अंगातील शक्ती जाई आणि अनेकांना मृत्यू येई. लिंडने या रोगाचे १२ रुग्ण निवडले, त्यांच्या सहा जोड्या केल्या आणि त्या काळात सांगितला जाणारा एकेक वेगळा उपाय एकेका जोडीला दिला. बाकीचा आहार सर्वांना सारखाच होता. ज्या जोडीला संत्री व लिंबे मिळाली, तिची प्रकृती सर्वांत लवकर सुधारली. लिंडने हा प्रयोग १७५३ साली आपल्या ग्रंथात प्रसिद्ध केला. परंतु ब्रिटिश आरमाराने खलाशांना लिंबाचा रस नियमाने देण्यास १७९५ पर्यंत वेळ लावला.

आजच्या वैद्यकीय चाचण्या याच मार्गाने जातात. मात्र त्यांत काही नियम काटेकोरपणे पाळले जातात. उपचार मिळणारा एक गट आणि न मिळणारा किंवा जुनाच उपचार मिळणारा दुसरा गट, असे दोन गट केले जातात. कोण कोणत्या गटात जाणार, हे डॉक्टर किंवा रुग्ण ठरवत नाहीत. ते चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे योगायोगाने ठरते. यामुळे अशक्त व सशक्त, गरीब व श्रीमंत अशी माणसे दोन्ही गटांत जवळजवळ सारखी विभागली जातात. शक्य असेल तेथे दुसऱ्या गटाला औषध नसलेली, पण दिसायला तशीच गोळी देतात. कोणता परिणाम मोजायचा, हे आधीच लिहून ठेवतात. शिवाय माणसांची संख्या पुरेशी मोठी असावी लागते. नाणे चार वेळा उडवले, तर चारही वेळा छाप पडू शकतो. चार हजार वेळा उडवले, तर छाप व काटा जवळजवळ निम्मे निम्मे पडतात. लहान गटात योगायोगाचे राज्य असते, मोठ्या गटात ते उरत नाही.

लखनौमधील संशोधन

गोमतीच्या काठावरील लखनौ हे नवाबांचे आणि चिकनकामाचे शहर म्हणून परिचित आहे. वैद्यकीय शिक्षण व औषध संशोधन यांचीही तेथे मोठी परंपरा आहे. येथील किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालयाची पायाभरणी १९०५ साली झाली. पुढे त्याचे विद्यापीठात रूपांतर झाले. १७ फेब्रुवारी १९५१ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे उद्घाटन झाले. नवाबांच्या काळातील छत्तर मंझिल या राजवाड्यात या संस्थेच्या प्रयोगशाळा थाटल्या गेल्या आणि अनेक दशके तेथेच त्यांचे काम चालले. मुडदूस हा लहान मुलांच्या हाडांचा विकार आणि ‘ड’ जीवनसत्त्व यांचा संबंध उजेडात आणणारे सर एडवर्ड मेलनबी हे संस्थेचे पहिले संचालक होते.

नवे औषध रुग्णापर्यंत पोहोचण्यास किती काळ लागतो, हे या संस्थेच्या एका उदाहरणावरून दिसते. सेंटक्रोमन या संप्रेरकविरहित गर्भनिरोधक गोळीचा शोध येथे लागला. त्यावरील कामास १९६०च्या दशकात सुरुवात झाली. प्रयोगशाळेतील तपासण्या, प्राण्यांवरील प्रयोग आणि त्यानंतर स्वेच्छेने पुढे आलेल्या स्त्रियांवरील चाचण्या, अशा पायऱ्या पार करून १९९०च्या दशकाच्या आरंभी ही गोळी ‘सहेली’ या नावाने बाजारात आली. २०१६ साली ‘छाया’ या नावाने तिचा राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रमात समावेश झाला. आठवड्यातून एकदा घ्यावयाच्या एका लहानशा गोळीमागे (पहिले तीन महिने ती आठवड्यातून दोनदा घ्यावी लागते) इतक्या वर्षांचा खटाटोप असतो.

दहा लाख मुले, एक प्रश्न

औषध तयार होणे ही एक गोष्ट झाली. ते गावोगावच्या माणसांना प्रत्यक्षात किती उपयोगी पडते, हा त्यापुढचा प्रश्न. लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठातील बालरोगतज्ज्ञ डॉ. शैली अवस्थी आणि इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठाचे संशोधक यांनी असा एक प्रश्न हाती घेतला. तो ‘अ’ जीवनसत्त्वाविषयी होता.

‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने रातांधळेपणा येतो, डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर फेसासारखे ठिपके दिसतात आणि अभाव तीव्र असल्यास दृष्टी कायमची जाते. म्हणून भारतात १९७० पासून लहान मुलांना या जीवनसत्त्वाचे मोठे डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पुढे १९८६ साली इंडोनेशियातून एक वेगळीच वार्ता आली. तेथील ४५० खेड्यांत झालेल्या अभ्यासात, हे जीवनसत्त्व मिळालेल्या खेड्यांतील बालमृत्यू सुमारे एकतृतीयांशाने कमी आढळले. डोळे वाचवणारे औषध प्राणही वाचवते, असे त्यावरून दिसले. १९९० साली तमिळनाडूतील एका अभ्यासात बालमृत्यू निम्म्याहून अधिक घटले. मात्र त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या हैदराबादच्या अभ्यासात घट दिसली नाही. दोन्ही अभ्यास भारतातीलच होते आणि उत्तरे परस्परविरोधी होती. अशा वेळी अधिक मोठा अभ्यास हाच एक मार्ग उरतो.

उत्तर प्रदेशातील ७२ विकासगट या अभ्यासासाठी निवडले गेले. त्यांत ८,३३८ अंगणवाड्या होत्या आणि पाच वर्षांखालील मुलांची संख्या सुमारे दहा लाख होती. शेजारशेजारच्या चार विकासगटांचा एक संच, याप्रमाणे संच पाडण्यात आले. प्रत्येक संचातील एका विकासगटाला ‘अ’ जीवनसत्त्व, दुसऱ्याला जंतनाशक गोळी, तिसऱ्याला दोन्ही आणि चौथ्याला यांपैकी काहीही नाही, अशी वाटणी योगायोगाने ठरवली गेली. अशा रीतीने ३६ विकासगटांना जीवनसत्त्व मिळाले आणि ३६ विकासगटांना मिळाले नाही. येथे औषधरहित गोळी दिली गेली नव्हती. परंतु मोजायची होती ती मृत्यूंची संख्या, आणि ती मनाच्या समजुतीने कमीअधिक होत नाही.

काम पाच वर्षे चालले. दर सहा महिन्यांनी ठरलेल्या दिवशी अंगणवाडीत मुले जमत. जीवनसत्त्वाची मऊ गोळी कापून तिच्यातील तेल मुलाच्या तोंडात सोडले जाई. प्रत्येक अंगणवाडीला दर सहा महिन्यांनी भेट देऊन मुलांच्या मृत्यूंची नोंद घेतली जाई. अशा सुमारे एक लाख भेटी झाल्या. त्यांत एक ते सहा वर्षे वयाच्या सुमारे २५ हजार मुलांचे मृत्यू नोंदवले गेले. वयाचे पहिले वर्ष पार केलेल्या दर चाळीस मुलांमागे एक मूल सहाव्या वाढदिवसापूर्वी दगावत होते. या अभ्यासाचे गांभीर्य या एका आकड्यात आहे.

आकडे काय सांगतात

अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांतून दोन वेगवेगळी उत्तरे मिळाली.

पहिले उत्तर डोळ्यांविषयीचे होते. जीवनसत्त्व न मिळालेल्या विकासगटांत तपासलेल्या दर शंभर मुलांपैकी १३ मुलांच्या रक्तात त्याचा तीव्र अभाव होता; मिळालेल्या विकासगटांत हे प्रमाण शंभरात ६ होते. डोळ्यांतील ठिपक्यांचे प्रमाण साडेतीन टक्क्यांवरून सुमारे दीड टक्क्यावर आले. म्हणजे औषध मुलांच्या पोटात गेले होते व त्याचे नेहमीचे काम त्याने केले होते.

दुसरे उत्तर मृत्यूंविषयीचे होते. पाच वर्षांत दर अंगणवाडीमागे सरासरी मृत्यू जीवनसत्त्व न मिळालेल्या विकासगटांत ३.१५ होते आणि मिळालेल्या विकासगटांत ३.०१ होते. ही घट जेमतेम चार टक्क्यांची होती, आणि एवढा फरक निव्वळ योगायोगानेही दिसू शकतो. वीस ते तीस टक्के मृत्यू टळतील, ही अपेक्षा या अभ्यासात खरी ठरली नाही. जंतनाशक गोळीनेही मृत्यूंच्या संख्येत निश्चित म्हणावा असा फरक पडला नाही.

यावर तज्ज्ञांमध्ये वाद झाला. इतक्या मोठ्या प्रदेशात प्रत्येक मुलापर्यंत डोस खरोखर पोहोचला असेल का, अशी शंका काहींनी घेतली. संशोधकांनी रक्ताच्या व डोळ्यांच्या तपासणीकडे बोट दाखवले. त्यांनी आणखी एक गोष्ट केली. आपला अभ्यास आणि आधीच्या आठ चाचण्या यांची एकत्र बेरीज मांडली. त्या एकत्रित हिशेबात मृत्यूंत सरासरी ११ टक्के घट दिसली. याचा अर्थ असा, की लाभ आहे. मात्र तो सुरुवातीला वाटला होता तेवढा मोठा नसावा. मुलांमधील अभाव किती तीव्र आहे, गोवरासारखे आजार किती पसरलेले आहेत, यांवरही तो अवलंबून असू शकतो.

म्हणून ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस निरुपयोगी ठरले, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. दृष्टी वाचवण्याचे त्याचे कार्य सिद्ध झालेले आहे. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकानुसार मुलाला नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत या जीवनसत्त्वाचे नऊ डोस दिले जातात. पालकांनी ते चुकवू नयेत. त्याबरोबरच हिरव्या पालेभाज्या, गाजर, पपई, पिकलेला आंबा, दूध, अंडी हे पदार्थ शक्य तसे मुलाच्या आहारात असावेत.

‘फरक नाही’ या उत्तराचे मोल

एखाद्या चाचणीत फरक आढळला नाही, की तिचा उपयोग झाला नाही, असे अनेकांना वाटते. परंतु अशा उत्तरालाही मोल असते. क्षयरोग्याला आरोग्यधामात ठेवूनच बरे करता येते, अशी एके काळी समजूत होती. १९५६ साली मद्रास येथे सुरू झालेल्या अभ्यासात काही रुग्णांना आरोग्यधामात, तर काहींना घरी ठेवून एक वर्ष सारखीच औषधे दिली गेली. घरी उपचार घेतलेल्यांची प्रकृतीही जवळजवळ तितकीच सुधारली आणि त्यामुळे कुटुंबातील इतरांचा धोका वाढल्याचे दिसले नाही. ‘फरक नाही’ या उत्तरामुळे असंख्य क्षयरोग्यांना घरदार सोडावे लागले नाही.

काही वेळा तुलना स्पष्ट होकारही देते. महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचे शिक्षण दिले. तुलनेसाठी ४७ गावे होती. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तिसऱ्या वर्षी शिक्षित आरोग्यदूत असलेल्या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी होते. पुढे आशा कार्यकर्तींमार्फत देशभर अशी गृहभेटींची योजना राबवली गेली.

लखनौ, मद्रास आणि गडचिरोली येथील उत्तरे वेगवेगळी आहेत. उत्तर शोधण्याची रीत मात्र एकच, तुलनेची आहे. आपल्याला हवे तेच उत्तर मिळावे, असा आग्रह या रीतीत धरता येत नाही.

सामान्य माणसाने विचारावयाचे प्रश्न

वृत्तपत्रातील बातमी, दूरचित्रवाणीवरील जाहिरात किंवा भ्रमणध्वनीवर आलेला संदेश यांतून एखाद्या औषधाची स्तुती कानांवर आली, तर पुढील प्रश्न विचारावेत.

१. हा परिणाम किती माणसांवर पाहिला गेला? एकट्यादुकट्याचा अनुभव की मोठ्या गटाचा?

२. तुलना कोणाशी केली? उपचार न मिळालेला गट होता का?

३. प्रयोग माणसांवर झाला की केवळ प्राण्यांवर? प्राण्यांवर यशस्वी ठरलेली अनेक औषधे माणसांवर चालत नाहीत.

४. फरक नेमका किती? ‘धोका निम्म्यावर येतो’ हे शब्द मोठे वाटतात. दहा हजारांत दोनऐवजी एकाला आजार झाला, तरी धोका निम्म्यावरच येतो. शंभरात तेराऐवजी सहांना झाला, तरी तो जवळजवळ निम्म्यावरच येतो. या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे. म्हणून किती जणांमधून किती, हे विचारावे.

५. सांगणाऱ्याचा त्यात आर्थिक लाभ आहे का?

हे प्रश्न डॉक्टरांनाही नम्रपणे विचारता येतात. ‘या औषधाने काय फायदा होईल, ते किती दिवस घ्यावे लागेल, त्याचे दुष्परिणाम कोणते आणि न घेतल्यास काय होईल?’ असे विचारणे हा रुग्णाचा अधिकार आहे. मात्र शंका आली म्हणून मधुमेह, रक्तदाब, क्षय यांसारख्या आजारांचे औषध परस्पर बंद करू नये. त्यामुळे प्रकृतीला गंभीर धोका होऊ शकतो.

चाचणीत सहभागी होणाऱ्याचे हक्क

नव्या औषधाच्या चाचणीसाठी माणसे लागतात. कोणी सहभागी झालेच नाही, तर पुढच्या पिढीला नवे उपचार मिळणार नाहीत. पण संशोधनासाठी कोणाचीही फसवणूक होता कामा नये. यासाठी भारतात कायदेशीर नियम आहेत. सहभागी होणाऱ्याला चाचणीची माहिती त्याला समजेल अशा भाषेत द्यावी लागते आणि त्याची लेखी संमती घ्यावी लागते. नकार देण्याचा आणि संमती दिल्यानंतरही केव्हाही बाहेर पडण्याचा त्याला हक्क असतो. तसे केल्यामुळे त्याचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. प्रत्येक चाचणीला नीतिमत्ता समितीची मान्यता लागते. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास विनामूल्य उपचार व नुकसानभरपाई यांची तरतूद आहे. भारतातील औषध चाचण्यांची नोंदवही २००७ साली सुरू झाली आणि २००९ पासून त्यांत नोंद करणे बंधनकारक झाले. त्यामुळे निष्कर्ष आवडला नाही म्हणून चाचणी गुपचूप दडपून टाकणे कठीण झाले आहे.

डॉक्टर लिहून देतात त्या अनेक औषधांमागे अशा अनोळखी माणसांचा सहभाग असतो. उत्तर प्रदेशातील अंगणवाड्यांत जमलेली मुले, त्यांचे पालक, दर सहा महिन्यांनी वह्या घेऊन फिरणारे कर्मचारी, या सर्वांमुळे एका प्रश्नाचे उत्तर अधिक स्पष्ट झाले. ‘गुण आला’ एवढ्यावर न थांबता ‘कशाने आला’ असे विचारणाऱ्या माणसालाच त्या उत्तराचा खरा लाभ होतो.

स्वाध्याय

१. औषध न घेताही आजार बरा होण्याची दोन कारणे लिहा.

२. चाचणीतील गट योगायोगाने का ठरवले जातात?

३. उत्तर प्रदेशातील अभ्यासातून मिळालेली दोन उत्तरे आपल्या शब्दांत सांगा.

४. आपल्या परिसरात ऐकलेली औषधाची एखादी जाहिरात आठवा आणि पाठातील पाच प्रश्नांच्या आधारे तिची तपासणी करा.